शॉर्ट सर्व्हिसमधली डॉक्टर: पर्मनंट कमिशन, पीजी आणि घरचं कर्ज, आधी काय?

बेंबळाकाठ | ६ जुलै २०२५

नमस्कार मंडळी. दोन वर्षांपासून इथं नुसती वाचते आहे, आज पहिल्यांदा लिहिते. लांबलं तर समजून घ्या.

मी बाभूळगाव तालुक्यातली. बाबांची सात एकर कोरडवाहू: कपाशी, तूर, सोयाबीन. धरण जवळ असूनही आमच्या शिवारात पाणी नाही. यवतमाळच्या सरकारी मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस केलं, बंधपत्राचं वर्ष एका प्राथमिक आरोग्य केंद्रात काढलं आणि मग आर्मी मेडिकल कोअरमध्ये शॉर्ट सर्व्हिस कमिशनवर, म्हणजे ठरावीक वर्षांच्या नेमणुकीवर, आले. आज कॅप्टन आहे. लखनौचा बेसिक कोर्स झाला, एका मिलिटरी हॉस्पिटलात राहिले, आता एका पलटणीची आरएमओ, म्हणजे पलटणीची डॉक्टर, म्हणून डोंगरात आहे. काम मनापासून आवडतं. जवान पाय मुरगळला म्हणून येतो आणि खरं तर घरी बोलता येत नाही म्हणून बसून राहतो, हे ओळखायला मी इथं शिकले.

पहिला टप्पा संपायला दीड वर्ष उरलं आहे. पुढचा टप्पा घ्यावा, पर्मनंट कमिशनसाठी, म्हणजे कायम नेमणुकीसाठी, बसावं, की बाहेर पडून पीजी करावं, हे ठरत नाही. बरोबरीच्या मैत्रिणी नागपूरला एमडी करताहेत. कुणी म्हणतं, शॉर्ट सर्व्हिसला पेन्शन नाही, चौदा वर्षं काढून रिकाम्या हातानं येशील. कुणी म्हणतं, पर्मनंट घेतलंस तर गाव कायमचं सुटलं.

दुसरी गोष्ट पैशाची. पगार चांगला आहे, आमच्या घरात एवढा पगार कुणी पाहिलेला नाही. पण तीन वर्षांनंतर माझ्याकडे बचत खात्यात साडेतीन लाख आहेत आणि डीएसओपीत, म्हणजे सैन्यातल्या अधिकाऱ्यांच्या भविष्यनिर्वाह निधीत, अगदी किमान वर्गणी जाते. मावसभाऊ विमा एजंट आहे, त्याच्याकडून दोन पॉलिसी घेतल्या, वर्षाला एक लाख दहा हजार हप्ता. धाकटा भाऊ म्हणतो, समृद्धी महामार्गाच्या बाजूला प्लॉट घेऊ, तुला पर्सनल लोन लगेच मिळते. बाबा काहीच म्हणत नाहीत, आणि त्याचीच मला जास्त काळजी वाटते.

पगार कसा वापरायचा हे आम्हाला कुणी शिकवलंच नाही. कॉलेजात नाही, घरात नाही. आमच्याकडे पैसा येतो तो कापूस विकल्यावर एकदा, आणि देणेकरी आधीच दारात उभे असतात. दर महिन्याला येणाऱ्या पैशाचं काय करतात, ते सांगा.

पुलगावकडचा | ६ जुलै

बेटा, मी याच कोअरमधून कर्नल म्हणून निवृत्त झालो, आता वर्धा जिल्ह्यात गावीच राहतो. युनिटचं नाव, ठिकाण लिहिलं नाहीस हे बरं केलंस, पुढंही लिहू नकोस.

तुझ्या दोन्ही प्रश्नांची गाठ एकच आहे. तू पेन्शनवाली होणार की नाही, यावर तुझ्या प्रत्येक रुपयाचं गणित बदलतं. म्हणून आधी नोकरी.

शॉर्ट सर्व्हिस सगळे टप्पे मिळून जास्तीत जास्त चौदा वर्षं. त्यानंतर ग्रॅच्युइटी आणि साठवलेला फंड हातात येतो, पेन्शन नाही. अधिकाऱ्याच्या पेन्शनला वीस वर्षांची सेवा लागते. पण पर्मनंट कमिशन मिळालं तर आधीची शॉर्ट सर्व्हिसची वर्षं त्यात धरली जातात. म्हणजे आजवरचं तुझं एकही वर्ष वाया जात नाही. आणखी एक मोठी गोष्ट: २००४ नंतर केंद्राच्या मुलकी नोकरीत आलेल्यांना नवी पेन्शन योजना लागली, सैन्याला नाही. आपल्याला शेवटच्या पगाराच्या निम्मी, महागाईबरोबर वाढणारी जुनीच पेन्शन आहे. लेफ्टनंट कर्नलच्या पगाराच्या तक्त्यातलं पहिलंच घर धर: मूळ वेतन १,२१,२००, त्यावर वीस टक्के एनपीए (खासगी प्रॅक्टिस न करण्याबद्दलचा भत्ता) म्हणजे २४,२४०, आणि मिलिटरी सर्व्हिस पे १५,५००. बेरीज १,६०,९४०, निम्मे ८०,४७०, वर महागाई दिलासा. वीस वर्षांत तू त्या पहिल्या घरापाशी थांबलेली नसशील, म्हणजे आकडा याहून मोठाच. एवढं दरमहा उत्पन्न बाजारातून उभं करायला केवढी पुंजी लागेल, ते कागदावर मांडून बघ.

पण पर्मनंट म्हणजे दार आतून बंद, हेही ऐकून घे. वीस वर्षांनंतरसुद्धा मुदतपूर्व निवृत्ती मागावी लागते, ती मंजूर होते किंवा होत नाही. तुझी मर्जी तिथं शेवटची नसते. शॉर्ट सर्व्हिसला टप्पा संपला की मोकळी वाट आहे. हे दोन्ही तराजूत घाल. पर्मनंटसाठीच्या संधी मोजक्या असतात, त्यामुळे वर्ष हातचं जाऊ देऊ नकोस. सेवेच्या कितव्या वर्षापर्यंत बसता येतं, ते तुझ्या वरिष्ठ मेडिकल ऑफिसरकडे बसून चालू आदेशातून वाच. ऐकीव माहितीवर राहू नकोस, नियम मधूनमधून बदलतात.

आता बढती. मेजर आणि लेफ्टनंट कर्नल हे ठरावीक सेवावर्षं आणि अटी पूर्ण झाल्या की मिळतात. कर्नलपासून निवड मंडळ बसतं आणि तिथं गोपनीय अहवाल बोलतात. पण आपल्या कोअरमध्ये खरी शिडी पीजीची आहे. ग्रेडेड स्पेशालिस्ट, मग क्लासिफाइड, मग सीनियर ॲडव्हायझर. वर पोचलेल्यांकडे बघ. पुण्याच्या एएफएमसीच्या, म्हणजे सैन्याच्या मेडिकल कॉलेजच्या, विद्यार्थिनी माधुरी कानिटकर बालरोगतज्ज्ञ होत्या, २०२० साली लेफ्टनंट जनरल झाल्या, २०२१ मध्ये नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरती सरीन तिन्ही दलांच्या वैद्यकीय सेवेच्या महासंचालक झाल्या, त्या पदावरच्या पहिल्या महिला. दोघीही आपापल्या विषयातल्या तज्ज्ञ.

नीट पीजीच्या गुणांवर एएफएमसी, दिल्लीचं आर्मी हॉस्पिटल, कमांड हॉस्पिटलं, मुंबईचं नौदलाचं अश्विनी हॉस्पिटल इथं सेवेतल्या डॉक्टरांना प्राधान्यानं जागा मिळतात. पूर्ण पगार चालू ठेवून एमडी करायला मिळणं म्हणजे काय, हे बाहेर खासगी कॉलेजात फी भरणाऱ्याच्या बापाला विचार. बदल्यात सेवेचं बंधन वाढतं, ते मी योग्य मानतो.

आरएमओचा काळ वाया जातो असं तुला कुणी सांगेल. जाऊ देऊ नकोस. डोंगरात संध्याकाळी दोन तास मिळतात. मी त्या दोन तासांत कंदिलाजवळ बसून पीजीची तयारी केली होती.

सुभेदार_काटोल | ७ जुलै

पोरी, मी काई डॉक्टर नाई. मी सव्वीस वर्स पलटणीत काढली. आरएमओ साहेब आमच्यासाठी देवमाणूस असे, तूही तशीच असशीन.

मले एक सांगायचं हाय. मी बावीस वर्स पगारातला अर्ध्याहून जास्त पैसा घरी धाडला. पयले मनीऑर्डर, मंग बँकेतून. भाऊ म्हणे वावर घेतलं, विहीर खंदली, घर बांधलं. म्या कधी इचारलं नाई, सख्ख्या भावाले हिशेब कायले मांगायचा? रिटायर होऊन आलो तवा तलाठ्याकडून सात-बारा काढला. माह्यं नाव कोठीच नव्हतं. भाऊ वाईट नाई, त्याच्या मनात पाप नव्हतं. त्याच्या नावानं घेणं सोपं होतं म्हणून घेत गेला. पण मंग त्याचे पोरं मोठे झाले. आता आमी बोलतो, जेवतो, पण सनावाराले पयल्यासारखं वाटत नाई.

घरी पैसा धाड, धाडलाच पायजे, मायबापानं पोट मारून शिकवलं. पण ठरलेली रक्कम, ठरल्या तारखेले, अन् बापाच्या खात्यात. भावाच्या मोबाईलवर नाई. अन् सुट्टीवर आली का बापाजवळ बसून इच्यार, देणं कोनाकोनाचं हाय. बाप फोनवर सांगत नसते.

बेंबळाकाठ | १९ जुलै

सुभेदार काका, तुमचं वाचून मी त्याच रात्री बाबांना फोन केला. नेहमीसारखं "सगळं बरं हाय" म्हणाले. मग आईला विचारलं. ती रडायला लागली.

ताईच्या लग्नाला, म्हणजे मी नोकरीला लागण्याच्या वर्षभर आधी, बाबांनी गावातल्या एका माणसाकडून दोन लाख घेतले होते, तीन रुपये शेकड्यानं. दर महिन्याचे सहा हजार व्याज मी धाडते त्या पैशातूनच जात होतं, आणि मूळ रक्कम तशीच उभी. वरून दीड एकराचा कागद करून दिला आहे. आई म्हणते स्टॅम्पपेपर होता, बाबा म्हणतात नुसतं लिहून दिलं. मी पलटणीतल्या मुलांना महिन्याच्या महिन्याला पैशाची शिस्त सांगते आणि माझ्या घरात हे चाललं होतं.

बँकेचं पीककर्जही आहे, एक लाख चाळीस हजार. ते भरून टाकू का? डीएसओपीतून काढता येईल का?

खातेवही | १९ जुलै

ताई, मी यवतमाळ जिल्ह्यातच एका बँकेच्या ग्रामीण शाखेत पीककर्जाचं काम बघतो. तुमच्या घरासारखी घरं रोज काउंटरवर येतात, म्हणून सविस्तर लिहितो.

सावकाराचं आधी, बाकी सगळं नंतर. तीन रुपये शेकडा म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के. तुमच्या बचत खात्यातल्या साडेतीन लाखांवर जेमतेम अडीच-तीन टक्के मिळत असतील. त्यातून दोन लाख काढा आणि या महिन्यात ते कर्ज संपवा. तुम्ही आयुष्यात कुठंही गुंतवणूक केली तरी खात्रीनं छत्तीस टक्के मिळणार नाहीत. इथं ते वाचताहेत.

पण रोख नेऊन हातात देऊ नका. आधी तो कागद काय आहे ते बघा. दुय्यम निबंधकांकडे नोंदलेलं खरेदीखत असेल तर सात-बाऱ्यावर फेरफार झाला का, तेही बघा. आपल्याकडे कर्ज देताना तारण म्हणून खरेदीखतच करून घेण्याची जुनी खोड आहे, आणि पैसे फेडल्यावर जमीन परत करताना टाळाटाळ होते. नोंदणी झाली असेल तर पैसे देण्याच्या दिवशीच उलट खरेदीखत. साधा स्टॅम्पपेपर असेल तर मूळ कागद परत घेऊन त्यावर पूर्ण रक्कम मिळाल्याची सही. पैसे बाबांच्या खात्यातून, चेकनं किंवा खात्यावर. तो माणूस अडून बसला तर सहकार खात्याच्या सहायक निबंधकांकडे जा. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यात परवाना नसताना सावकारी करणं हा गुन्हा आहे आणि सावकारीतून गेलेली जमीन परत मिळवण्याची तरतूद आहे. बहुतेक वेळा एवढं माहीत आहे हे कळलं तरी माणूस नरमतो.

पीककर्ज मात्र घाईनं कायमचं बंद करू नका. मुदतीत फेडलं तर केंद्राची तीन टक्क्यांची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला शेतकऱ्याच्या खिशातून शून्य टक्के व्याज पडतं. अट एकच, मुदत चुकवायची नाही. बाबांनी ३१ मार्चच्या आत भरायचं आणि नव्या हंगामाचं उचलायचं. भरण्यासाठी कापूस विकायची घाई होऊन भाव पडतो, तिथं तुमची मदत खरी. मार्चमध्ये तुम्ही पैसे पुढं करा, नवीन कर्ज मिळालं की बाबा परत करतील. गावातली कितीतरी घरं नेमकं हे न जमल्यामुळं थकबाकीत जातात.

बाबांना तुम्ही दिलेल्या पैशावर कुणालाच कर लागत नाही, आईवडिलांना दिलेली भेट करमुक्त असते आणि त्यावरचं व्याज तुमच्या उत्पन्नात धरलं जात नाही. जमीन मात्र घाईनं स्वतःच्या नावावर करून घेऊ नका. पीएम-किसानचे सहा हजार बाबांना मिळत असतील. त्या योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं, त्यामुळे सज्ञान मुलगी सरकारी नोकरीत असल्यानं बाबांचा हप्ता बंद होत नाही. जमीन तुमच्या नावावर आली तर त्या जमिनीवर तो मिळणार नाही.

आता तुमचा पगार. मी सुरुवातीचा तक्ता धरतो: मूळ ६१,३००, एनपीए १२,२६०, मिलिटरी सर्व्हिस पे १५,५००, झाले ८९,०६०. जानेवारी २०२५ पासूनचा ५५ टक्के महागाई भत्ता ४८,९८३. एकूण १,३८,०४३, बाकीचे भत्ते वेगळे. नव्या करप्रणालीत यावर २०२५-२६ चा कर साधारण एक लाख बावीस हजार येतो. नव्या प्रणालीत डीएसओपी किंवा विम्याच्या हप्त्यावर करसूट नाही, म्हणजे "टॅक्स वाचतो" म्हणून घेतलेल्या पॉलिसीचं ते कारणही संपलं. त्या दोन पॉलिसींवर शेवटी परतावा पाच-सहा टक्के पडेल. पुरेसे हप्ते भरून झाले असतील तर पेडअप करण्याचा, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून कमी रकमेवर पॉलिसी ठेवण्याचा, पर्याय बघा. मावसभावाला वाईट वाटेल, पण दरवर्षी एक लाख दहा हजारांचा प्रश्न आहे.

डीएसओपी वाढवा. सध्या व्याज ७.१ टक्के, वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या वर्गणीवरचं व्याज करमुक्त. महिन्याला पंचवीस हजार चौदा वर्षं टाकले आणि दर हाच राहिला तर घातलेले बेचाळीस लाख सत्तरच्या आसपास होतात. त्यातून आत्ता काही काढू नका, तसंही किमान वर्गणीत तिथं फार काही नसणार.

प्लॉटबद्दल उद्या लिहितो, शाखा बंद करायची वेळ झाली.

खातेवही | २० जुलै

प्लॉट. नागपूर ते मुंबई समृद्धी ७०१ किलोमीटरचा आहे, गेल्या महिन्यात पूर्ण खुला झाला, आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी आता प्रत्येक धुऱ्यावर फलक आहे. रस्त्यापासून अमुक मिनिटं, असं लिहिलेलं असतं. पण त्या महामार्गावर वाटेल तिथून चढता-उतरता येत नाही, इंटरचेंजवरूनच जावं लागतं, हे फलकावर नसतं. भावाला एवढंच म्हणा: अकृषक आदेश, मंजूर नकाशा, सात-बारा आणि फेरफाराची नक्कल आण, मग बोलू. आणि कर्ज काढून प्लॉट नाहीच. पर्सनल लोन सैन्यातल्या खात्यावर झटकन मिळतं हे खरं, तेच त्यातलं धोक्याचं.

अचलपूरची_डॉक्टर | २२ जुलै

बेंबळाकाठ, मी तुझ्याच वाटेवरून गेलेली आहे, म्हणून कर्नलसाहेबांच्या शेजारी माझी दुसरी बाजू ठेवते.

मी शॉर्ट सर्व्हिसचा पहिला टप्पा करून बाहेर पडले. पीजीमध्ये शॉर्ट सर्व्हिस पूर्ण केलेल्यांसाठी सैन्याच्या संस्थांत वेगळा प्राधान्यक्रम असतो, त्यातून भूलशास्त्र मिळालं. आज अचलपूर-परतवाड्यात आहे. चिखलदऱ्याच्या, धारणीच्या बायका सिझेरियनसाठी खाली येतात तेव्हा रात्री दोन वाजता भूल द्यायला मला बोलावतात. या भागात भूलतज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. सैन्यानं मला न घाबरता काम करायला शिकवलं आणि ते मी इथं वापरते. गाव सुटू नये असं तुला वाटत असेल तर ते वाटणं हलकं समजू नकोस.

पण मी काय चुकले तेही सांगते. बाहेर पडल्यावर पहिला धक्का म्हणजे एक तारीख आली आणि खात्यात काहीच आलं नाही. सैन्यात राहायला घर, कॅन्टीन, आजारपण, सगळं कुणीतरी सांभाळत असतं. ग्रॅच्युइटी आणि फंडाचे पैसे मी माहेरच्या घराच्या स्लॅबला दिले होते, आनंदानं दिले होते. पीजीची जागा मिळेपर्यंतचे दहा महिने मी एका खासगी दवाखान्यात रात्रपाळ्या केल्या. तिथं तीन महिन्यांचा पगार बुडाला. त्याच काळात आईचा पाय मोडला. सेवेत असते तर तिला कामठीच्या मिलिटरी हॉस्पिटलात नेता आलं असतं. बाहेर आल्यावर ते कार्ड गेलं आणि आरोग्यविमा मी घेतलेला नव्हता.

तुला बाहेर पडायचंच असेल तर दीड वर्ष आहे. वर्षभराचा खर्च वेगळा ठेव, त्याला घराच्या कुठल्याही कामासाठी हात लावू नकोस. स्वतःचा आणि आईबाबांचा आरोग्यविमा सेवेत असतानाच सुरू कर, जुन्या आजारांचा प्रतीक्षाकाळ तेवढा आधी संपतो. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीचं पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं, त्याला तीस क्रेडिट तास लागतात. डोंगरात बसून ते विसरायला होतं, मी विसरले होते. शॉर्ट सर्व्हिसवाल्यांना एकरकमी वर्गणी भरून ईसीएचएसमध्ये, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत, येण्याची सोय २०१९ मध्ये झाली, सुटताना तीही विचारून घे.

पुलगावकडचा | २२ जुलै

डॉक्टर, तुमच्या कामाला माझा नमस्कार. धारणीची बाई रात्री दोनला वाचते, यासमोर माझी पेन्शनची आकडेमोड मी नेटानं मांडणार नाही.

तरी एका ठिकाणी मी वेगळा आहे. तुम्ही हिमतीच्या जोरावर तो दहा महिन्यांचा काळ निभावलात. बेंबळाकाठच्या घरी सावकाराचं कर्ज आहे, वडील बोलत नाहीत, भाऊ अजून कमावत नाही. अशा घरातल्या मुलीनं पगार तोडून जागेची वाट बघत बसू नये. तिनं पगार चालू ठेवून पीजीला बसावं, असं मला वाटतं.

अचलपूरची_डॉक्टर | २३ जुलै

यात दुमत नाही, साहेब. क्रम मलाही तोच वाटतो. फक्त पर्मनंट घेताना "वीस वर्षांनी गावात दवाखाना काढीन" हे तिनं गृहीत धरू नये. तेव्हा ती पंचेचाळिशीची असेल, मुलं शाळेत असतील, आणि गाव तिला ओळखत नसेल. गावासाठी काही करायचं असेल तर सुट्टीत सुरू कर.

बेंबळाकाठ | २३ जुलै

सुट्टीत घरी आले की ओट्यावर रांग लागते. कुणाची शुगर, कुणाचा रिपोर्ट. मी बघते. पैसे अर्थात घेत नाही, पण आई म्हणते लोक तूर, भाजी ठेवून जातात, ते चालतं का?

पुलगावकडचा | २३ जुलै

एनपीए घेतो म्हणजे खासगी प्रॅक्टिस नाही, हा नियम सुट्टीतही लागू. फी, औषधांतलं कमिशन, एखाद्या दवाखान्यात नाव लावणं, यातलं काहीही नाही. गल्लीतल्या म्हातारीचा रिपोर्ट वाचून कुठं जायचं ते सांगणं वेगळं. भाजी परत करता येत नसेल तर शाळेच्या खिचडीला देऊन टाक, म्हणजे तुझ्याही मनाला खटकणार नाही. कागद म्हणशील तर सगळ्यात महत्त्वाची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे तुझ्या घरच्या आणि सेवेच्या नोंदींचा अधिकृत आदेश. आईबाबा अवलंबित आहेत हे तिथं नीट नोंदलेलं आहे का बघ, उत्पन्नाची मर्यादा असते आणि शेतीचं उत्पन्नही त्यात बघतात. डीएसओपी आणि गट विम्याची नामांकनंही तपास, मी कितीतरी ठिकाणी लग्नाआधीचीच राहून गेलेली पाहिली आहेत. पुण्याच्या पीसीडीएकडून, म्हणजे अधिकाऱ्यांच्या पगाराच्या कार्यालयाकडून, दर महिन्याला येणारी पगारपत्रिका ओळ न ओळ वाचत जा.

अकोला_इंटर्न | २ ऑगस्ट

मधेच विचारतो, माफ करा. मी अकोल्याला इंटर्न आहे, बाबा एसटीत कंडक्टर. शॉर्ट सर्व्हिसला यायला आता यावं की पीजी करून?

पुलगावकडचा | २ ऑगस्ट

एमबीबीएसवाल्याला वयाची मर्यादा तीस, पीजीवाल्याला पस्तीस. पीजी लागत असेल तर आधी कर, येताना त्याची ज्येष्ठताही मिळते. लागत नसेल आणि घरी पगाराची गरज असेल तर ये. भरतीत फॉर्म भरून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याला दारात उभं करू नकोस, सगळं सरकारी संकेतस्थळावर आणि मुलाखत दिल्लीत.

बेंबळाकाठ | १४ डिसेंबर २०२५

बऱ्याच जणांनी निरोप धाडून विचारलं, म्हणून लिहिते. दिवाळीआधी वीस दिवसांची सुट्टी मिळाली.

कागद साधा स्टॅम्पपेपर निघाला, नोंदणी नव्हती. खातेवही दादा, तुम्ही सांगितल्याप्रमाणे बाबांच्या खात्यात दोन लाख टाकले. बाबा, मी आणि सरपंचकाका असे तिघं गेलो. तो माणूस आधी म्हणाला, या महिन्याचं व्याज राहिलं. मी सहायक निबंधकांच्या कार्यालयाचं नाव काढलं. मग त्यानं चहा मागवला. कागद परत आला, सही झाली. घरी आल्यावर बाबांनी तो कागद देवळीत ठेवला आणि कितीतरी वेळ तसेच उभे राहिले. मला म्हणाले, "तुले सांगायले लाज वाटत होती माय." मी त्यांना म्हटलं, बाबा, तुम्ही कर्ज काढलं ताईच्या लग्नाला, दारूला नाही. त्यावर ते बोलले नाहीत, पण त्या रात्री आम्ही तिघं बसून वहीत सगळं देणं-घेणं लिहिलं. अशी वही आमच्या घरात पहिल्यांदाच झाली.

भावाचा प्लॉट: मंजूर नकाशा नव्हताच. अकरा हजार बयाणा देऊन बसला होता, त्यातले पाच परत मिळाले. चिडला, दोन दिवस जेवला नाही. आता पुसदला आयटीआयला जातो आहे, त्याची फी मी भरली आणि तसं त्याच्यासमोर वहीत लिहिलं.

दोन्ही पॉलिसी पेडअप केल्या. मावसभाऊ अजून बोलत नाही. त्याला मी पुन्हा जाऊन भेटणार आहे, त्याच्या जागी मी असते तर मलाही लागलं असतं. साधा टर्म विमा घेतला, फॉर्मवर व्यवसाय सैन्य असं स्पष्ट लिहून, आणि युद्धकाळातल्या मृत्यूबद्दलची अट आधी वाचून. डीएसओपी पंचवीस हजार केली. मार्चच्या पीककर्जासाठी दीड लाख वेगळे काढून ठेवायला लागले आहे, निम्मे जमले.

पर्मनंट कमिशनचा अर्ज दिला. बाबांना विचारून नाही, सांगून दिला. पीजीची पुस्तकं डोंगरात आणली आहेत. संध्याकाळी दोन तास मिळतात, कर्नलसर, कंदिलाऐवजी जनरेटर आहे एवढाच फरक. नऊला तो बंद होतो. विषय अजून ठरला नाही, पण अचलपूरच्या ताईंचं रात्रीच्या दोन वाजताचं वाक्य डोक्यातून जात नाही.

अचलपूरची_डॉक्टर | १४ डिसेंबर

भूलशास्त्र घेतलंस तर सुट्टीत माझ्याकडे ये. ऑपरेशन थिएटरमध्ये नुसती उभी राहा, बघ झेपतं का.

सुभेदार_काटोल | १५ डिसेंबर

वही झाली हे लय बेस झालं. बापाले माह्या रामराम सांग. तूर कशी हाय यंदा? आमच्याकडं धुकं पडलं अन् फूल गळालं.

बेंबळाकाठ | १५ डिसेंबर

सांगते काका. आमच्याकडं पहिला बहर गेला, दुसरा धरला आहे. शेंगा भरताहेत. बाबा म्हणतात, संक्रांतीनंतर कापणी.